टेकडीवरची वही

यारिंडीत फुकटात पाहण्यासारख्या दहा जागा आहेत, असं कौन्सिलचं पत्रक म्हणतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं, कारण पैसे देऊन पाहण्यासारखं यारिंडीत काहीच नाही. एक पेट्रोल पंप, एक पब, एक शाळा, एक दवाखाना, कोथिंबीर महिन्यातून एकदा येते असं एक सुपरमार्केट, आणि चहूकडे लाल माती. झाड म्हणावं असं झाड मला पहिल्या आठवड्यात एकच दिसलं. जवळ गेले तर ते लोखंडाचं निघालं, कुणीतरी हौसेनं भंगार जोडून उभं केलेलं. पत्रकात त्याचा नंबर सातवा आहे.

पत्रकातला नकाशा माझ्या मुलानं काढलाय. माधव इथल्या कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी असते तिच्यात, इंजिनिअर आहे. रस्ते, पाणी, सांडपाणी, सगळं त्याच्याकडे. नोकरी लागली तेव्हा तो एकटाच इथे आला. सून कादंबरी आणि नात निहारिका ब्रिस्बेनजवळ स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये राहिल्या. कादंबरीची आयटीतली नोकरी तिकडे आणि निहारिकाची शाळाही तिकडे, म्हणून. दर रविवारी माधवचा पुण्याला फोन यायचा आणि तो सांगायचा, की सुट्टी लागली की दोघी इथेच असतात, तिघं मिळून खूप भटकतात. मी सोसायटीत सगळ्यांना तेच सांगत असे. चित्रलेखाबाईंचा मुलगा ऑस्ट्रेलियात, सगळं छान चाललंय.

जूनमध्ये मी दोन महिन्यांसाठी आले. निहारिकासाठी आले, हे मी माधवला फोनवर अगदी स्पष्ट सांगितलं होतं. जुलैच्या सुट्टीत नात इथे येणार, बापाच्या घरी आठ दिवस राहणार, मी तिला थालीपीठ करून घालणार, एवढंच माझ्या मनात होतं. तिला ब्रिस्बेनला जाऊन भेटण्यात मला रस नव्हता. ती इथे यायला हवी होती. कारण माधवचं घर पाहिल्यावर मला बरं वाटलं नव्हतं.

घर जमिनीखाली आहे. इथे बरीच माणसं तशी राहतात. टेकडीच्या पोटात खोल्या कोरलेल्या असतात, उन्हाळ्यात थंड आणि थंडीत उबदार. मला ते चमत्कारिक वाटलं, पण वाईट नाही वाटलं. वाईट वाटलं ते तिसऱ्या खोलीत. तिथे एक लहान पलंग होता, हत्तींची चित्रं असलेली चादर होती, आणि उशीच्या अभ्र्यावर दुकानाचं लेबल तसंच होतं. माधव पहिल्यापासूनच वेंधळा, असं मी स्वतःला सांगितलं आणि लेबल कापून टाकलं.

दुसऱ्या रविवारी मी निहारिकाशी फोनवर बोलले. नऊ वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं.

"मग, कधी येतेस?"

"आय डोन्ट वॉन्ट टू कम, आजी. देअर इज नथिंग टू डू देअर."

"काहीच नाही कसं? दहा जागा आहेत!"

"नथिंग," ती म्हणाली आणि विषय बदलून शाळेचं सांगायला लागली. आता ते रनिंग रायटिंग करतात, म्हणजे अक्षरं जोडून लिहितात. तिचा 'के' सगळ्या वर्गात चांगला येतो. मग कादंबरीनं फोन घेतला. "आई, मला तिच्यावर जबरदस्ती नाही करायची. शुक्रवारपर्यंत तिला ठरवू दे. हो म्हणाली तर मी तिकीट काढते."

हे सगळं चालू असताना माधव भांडी घासत उभा होता. या गावात पाणी खाऱ्याचं गोडं करून नळाला येतं आणि तोच मला दिवसातून दहा वेळा नळ बंद करायला सांगतो. त्या दिवशी घासायचं ताट एकच राहिलं होतं आणि नळ भळाभळा वाहत होता. मी उठून बंद केला.

सोमवारी सकाळी तो कामावर गेला आणि मी पत्रक घेऊन निघाले. टोपी, पाण्याची बाटली, चिवड्याचा डबा, आणि डायरी. शुक्रवारपर्यंत या गावात करण्यासारखं पुष्कळ आहे हे त्या पोरीला पटवून द्यायचंच, असा मी चंग बांधला होता. एकतीस वर्षं मी पुण्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात काढली आहेत. पुराव्याशिवाय बोलणाऱ्याला मी कधी खुर्ची दिली नाही, आणि स्वतःही पुराव्याशिवाय बोलत नाही.

पहिली जागा, टाकीची टेकडी. वर जुनी पाण्याची टाकी आहे आणि तिच्या सावलीत एक बाक. वरून सगळं गाव दिसतं, म्हणजे ओपल नावाच्या रत्नाच्या खाणींचे पांढरे ढीग दिसतात, शेकडो, आणि त्यांच्यामध्ये थोडी घरं. वारा असा, की टोपी हातात धरावी लागली. बाकाशेजारी लोखंडी पेटीत पाहुण्यांची वही होती. नाव, कुठून आलात, किती जण, अभिप्राय, असे छापील रकाने. रकाने दिसले की मला राहवत नाही. मी माझी नोंद केली आणि मागची पानं चाळली.

आणि तिथे माझी नात होती! माधव, कादंबरी, निहारिका. किती जण, तीन. तारीख एकोणीस जानेवारी. निहारिकाच्या नावापुढे एक फूल काढलेलं आणि इंग्रजीत लिहिलेलं, 'आजपर्यंतचा सगळ्यात मस्त दिवस.' वारा पानं धरू देईना, म्हणून मी तेवढंच डायरीत उतरवून घेतलं. लबाड पोरगी, म्हटलं. इथे फुलं काढून जाते आणि आजीला सांगते नथिंग.

त्या आठवड्यात मी यारिंडी पालथं घातलं. जमिनीखालचं चर्च पाहिलं. भिंतीवर खोदकामाच्या यंत्राचे गोल गोल ओरखडे आहेत, बाक आठच आहेत, आणि आत इतकं शांत, की मी चपला काढून बसले. कबरस्तान पाहिलं; एका कबरीवर मालकाची कुदळ रोवून ठेवलीय आणि तिचा दांडा अजून तेलानं चमकतो. गोल्फचं मैदान पाहिलं. त्याच्यावर गवताची काडी नाही, म्हणून प्रत्येक खेळाडू हिरव्या सतरंजीचा हातभर तुकडा काखेत घेऊन फिरतो, चेंडू त्याच्यावर ठेवतो, मारतो, तुकडा उचलतो आणि पुढे जातो. दोन म्हातारे खेळत होते. त्यांनी मलाही एक फटका मारू दिला, आणि चेंडू गेला तो अजून जातोय. गावाबाहेर कुणीही ओपल वेचावेत असा एक मोठा ढीग आहे. तिथे मी दोन तास उकिडवी बसले आणि नखाएवढा निळसर कपचा मिळवला. मला मनापासून मजा येत होती. फक्त, काही दिसलं की दाखवायला मान वळवायची आणि शेजारी कुणी नसायचं.

चर्चच्या वहीत मला तेरा एप्रिलची नोंद सापडली. तिघंही. खाणकामगारांच्या जुन्या घराचं म्युझियम केलंय, तिथे तीस मार्चची. निहारिकानं लिहिलं होतं, 'मला निळा दगड सापडला.' तिन्ही ठिकाणी फूल. डायरीत मी नेहमीच्या पद्धतीनं तक्ता केला: ठिकाण, दिनांक, मजकूर, सही. गुरुवारपर्यंत माझा पुरावा पक्का झाला होता.

गुरुवारी निहारिका शाळेतून आली असेल अशा बेतानं मी फोन लावला. माधव कामावरच होता. कादंबरीनं फोन स्पीकरवर ठेवला.

"काय ग, तिथे करण्यासारखं काही नाही म्हणालीस ना? ऐक." आणि मी तक्ता वाचायला सुरुवात केली. एकोणीस जानेवारी, टाकीची टेकडी, आजपर्यंतचा सगळ्यात मस्त दिवस, सही निहारिका. तेरा एप्रिल, चर्च. तीस मार्च, म्युझियम, निळा दगड. फूल काढलेलं. आता बोल!

ती म्हणाली, "दॅट्स नॉट मी, आजी."

"तुझं नाव आहे."

"आय केम ओन्ली वन्स. लास्ट इयर." आणि थोड्या वेळानं, हळू आवाजात, आईला विचारत होती बहुतेक, "व्हाय इज पापा रायटिंग माय नेम?"

"आई, मी तुम्हाला नंतर फोन करते," कादंबरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

मी डायरी उघडी ठेवून बसून राहिले. तीस मार्चला पाडवा होता. त्या सकाळी याच पोरीनं मला पुण्याला व्हिडिओ कॉलवर स्प्रिंगफील्ड लेक्सच्या बाल्कनीतली गुढी दाखवली होती. गडू उलटा घालायचा की सुलटा, यावर आम्ही दोघी पंधरा मिनिटं बोललो होतो. मी तक्त्यात तारीख स्वतःच्या हातानं लिहिली आणि माझ्या डोक्यात हे आलं नाही. ऑफिसात कुणी ज्युनिअरनं अशी चूक केली असती तर मी त्याला सोलून काढला असता.

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा टेकडी चढले. पेटीत नव्या वहीखाली एक भरलेली जुनी वहीही होती. मी वाऱ्याकडे पाठ करून बसले, वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.

गेल्या वर्षीच्या जुलैत एक खरी नोंद होती. खरी नोंद दिसते. तीन माणसांची तीन अक्षरं. माधवनं लिहिलं होतं, 'व्ह्यू छान आहे.' कादंबरीनं नुसती सही केली होती. आणि खाली, ओळ सोडून, वाकडंतिकडं, 'खूप वारा आहे. आपण आता घरी जाऊ या का?' फूल वगैरे काही नव्हतं.

तिथून पुढे, ऑगस्टपासून, दर रविवारी तीन नावं. पावसाळी रविवारीसुद्धा, इथे वर्षात जे दोनचार येतात त्या. मी मोजायला लागले आणि अडतीसवर थांबले. खोट्या नोंदी पकडण्यात माझी हयात गेली आहे. मेलेल्या माणसाचा अंगठा, एकाच बैठकीत चार भावांच्या सह्या, मागच्या तारखेनं घुसवलेला फेरफार, सगळं पाहिलंय. माणूस उजव्या हाताचा असून डाव्या हातानं लिहितो तेव्हा पेन फार दाबतो, कागदाला मागून खळगे पडतात. निहारिकाच्या प्रत्येक सहीमागे खळगे होते. बोट फिरवलं की लागत होते.

आणि तिनं लिहिलेलं काय काय होतं. 'आज कांगारू दिसला.' 'पापा माझ्यामागे पळून दमले.' 'आईनं डब्यात पराठे आणले.' 'पापांनी मला खांद्यावर घेतलं, पण मी आता मोठी झाले.' मी वही मिटली. मला रडू आलं आणि राग पण आला, आणि तिथे ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून मी दोन्ही करून घेतलं.

मग मला एक आशा सुचली. आमच्याकडेही आकडे फुगवतात. वरून चौकशी आली की दिवसाला पन्नास अर्जदार दाखवायचे, हा कारभार मी जवळून पाहिलाय. पाहुण्यांच्या वह्या कौन्सिलच्या, माधव कौन्सिलचा. टेकडीवर छप्पर हवं असेल, त्यासाठी आकडे लागत असतील, दिली असतील त्यानं तीन नावं ठोकून. मी टेकडी उतरताना देवाजवळ मागत होते, की माझा मुलगा लबाड निघू दे.

व्हिजिटर सेंटरमध्ये लोरेन बसते. सत्तरीची असेल, स्वयंसेवक म्हणून येते, आणि मला पहिल्या दिवसापासून 'चित्रा, लव्ह' म्हणते. मी तिला विचारलं, वह्यांमधली माणसं कोण मोजतं?

"मी मोजते. दर महिनाअखेर. टेकडीवर सावलीसाठी छप्पर मागतोय ना, त्यासाठी."

"माधवनं तुम्हाला मदत केली असेल मग. आकडे जरा वाढवायला."

लोरेननं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला सगळं कळलं असावं, कारण तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"नाही, लव्ह. त्या नोंदी मी मोजतच नाही. माधव गावचाच, आणि गावातली माणसं आम्ही धरत नाही. आणि त्या दोघी... गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणी काही बोलत नाही. जुनी वही भरली तेव्हा खरं तर मी ती इथे आणून ठेवायची. पण म्हटलं, राहू दे तिथेच. कधी त्याला मागचं बघावंसं वाटेल."

"थँक्यू," मी म्हटलं.

"नो वरीज," ती म्हणाली आणि उठून माझ्यासाठी चहा टाकला. एवढ्याशा गावानं माझ्या मुलाचं खोटं वर्षभर सांभाळलं होतं आणि मी ते एका फोनमध्ये उघडं पाडलं होतं.

दुपारी कादंबरीचा फोन आला. मी ती चिडेल म्हणून तयार होते, पण ती चिडलेली नव्हती, दमलेली होती.

"माधवनं तुम्हाला सांगितलेलं नाहीये, हो ना आई?"

"आता सांगशील तर कळेल."

"वर्ष झालं. मी म्हणाले होते, मी त्या गावात नाही राहणार. मग म्हणाले, तुझ्याबरोबरही नाही. भांडण नाही झालं हो आमचं. तो इकडे येतो वर्षातून दोनदा, दोन दोन दिवस, निहारिकाला भेटतो. ती जाईन म्हणत होती, आई. बुधवारी माझ्याजवळ म्हणाली, आजी आहे तर जाते. पण काल ते ऐकून घाबरली ती. सारखी विचारतेय, पापा ओके आहेत का, मी नसताना मी आहे असं का लिहितात. मी काय सांगू तिला? या वेळी नको. तुम्ही जाताना इकडून जा, चार दिवस राहा."

"आणि माधव?"

"तुम्ही या," ती पुन्हा म्हणाली.

पोरगी येणार होती. मी गप्प बसले असते, नुसतं थालीपीठ म्हटलं असतं, तरी ती आली असती. मी पुरावे गोळा केले, तारखा लावल्या आणि माझ्या मुलाविरुद्ध त्याच्याच लेकीसमोर केस उभी केली. या वयात स्वतःचा इतका संताप येतो हे मला माहीत नव्हतं.

माधव साडेचारला आला. दारात बसून बुटांतली लाल माती झटकत त्यानं विचारलं, "काय म्हणाली? येतेय?"

"नाही येत. माझ्यामुळे." आणि मी त्याला सगळं सांगितलं, काहीही न गाळता. तो एका हातात बूट धरून ऐकत राहिला.

"वही वाचलीस?"

"दोन्ही. पहिल्या पानापासून."

तो थोडासा हसला. "तू वाचणारच. माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"का रे असं केलंस?"

"त्या गेल्यावर पहिल्या रविवारी मी एकटाच वर गेलो. म्हटलं नाव लिहू. माधव लिहिलं. पुढे किती जण असा रकाना आहे. तिथे एक लिहायला हातच उठेना, आई. म्हणून तीन लिहिलं. मग तीन लिहिलं तर नावं नकोत का तीन? मग दर रविवारी..." तो बूट नीट जोडून ठेवायला लागला. "लिहिताना बरं वाटायचं. लिहीपर्यंत. एवढंच."

मला त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, आणि मी भांडले. "मला सांगता येत नव्हतं? मी मेले होते का? सांगितलं असतंस तर मी तेव्हाच आले असते!"

"आता आलीस ना."

"आलेच की!"

"निहारिकाला बघायला," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तू फोनवर म्हणालीस ना, मी फक्त नातीसाठी येतेय. मला भीती वाटली, ती इथे येत नाही हे सांगितलं तर तू येणारच नाहीस."

म्हणाले होते मी तसं. अगदी याच शब्दांत म्हणाले होते, आणि वर हसलेही होते. मी उठले, थालीपिठाचं पीठ मळलं, त्याच्यासाठी तीन लावली आणि समोर बसून त्याला ती संपवायला लावली.

जुलैचे रविवार आम्ही दोघांनी पत्रकातल्या उरलेल्या जागा पाहण्यात घालवले. मिठाच्या कोरड्या तळ्यावर तीन किलोमीटर चाललो. हिरव्या सतरंजीचा तुकडा आळीपाळीनं वागवत गोल्फ खेळलो, आणि माधव लहानपणी कॅरममध्ये करायचा तशीच लबाडी त्यात करतो हे पाहून मला बरं वाटलं. ओपलच्या ढिगावर तो माझ्याहून चिकाटीनं बसायचा. तिथे मिळालेले चार कपचे त्यानं माझ्याकडे दिले, निहारिकाला द्यायला. टेकडीवर जायचं मात्र त्यानं काढलं नाही आणि मीही काढलं नाही. तिकीट बुधवारचं होतं, ब्रिस्बेनला चार दिवस आणि तिथून पुणे. त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी तोच म्हणाला, "चल, टाकीवर जाऊन येऊ."

वारा होताच. आम्ही बाकावर बसलो. खालच्या पांढऱ्या ढिगांकडे बोट दाखवून तो कुठली पाइपलाइन कुठून नेली ते सांगत राहिला, आणि मी ऐकत राहिले. माझं मन ठरलेलं होतं. आज याच्याकडून खरी नोंद करून घ्यायची. दोन माणसं आलो, दोन लिहायची. खोट्याची सवय मोडायची असेल तर ती आईसमोर मोडावी, मागाहून एकट्यानं जमत नाही.

त्यानं पेटी उघडली. माधव, असं लिहिलं. त्याच्या खाली लिहिलं, आई. मराठीत. आणि मग थांबला. वाऱ्यानं पान फडफडत होतं, ते मी हातानं दाबून धरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पेन उजव्या हातातून काढून डाव्या हातात घेतलं आणि पान जरा तिरकं केलं.

मी बोलायला तोंड उघडलं. वेगळंच बाहेर आलं.

"तसं नको. ती आता जोडून लिहिते."

तो माझ्याकडे बघायला लागला. "कधीपासून?"

"या वर्षी शिकवलं शाळेत. मला फोनवर सांगत होती. 'के' सगळ्यात चांगला येतो म्हणाली."

"मला माहीत नव्हतं," माधव म्हणाला.

त्यानं पेन परत उजव्या हातात घेतलं आणि हळूहळू, एकदाही पेन न उचलता, निहारिका लिहिलं. 'के' ला त्यानं सगळ्यात जास्त वेळ लावला. कादंबरीचं नाव लिहिलं नाही. फूलही काढलं नाही. मग वही माझ्या पुढ्यात सरकवली, आणि किती जण या रकान्यात मी तीन लिहिलं आणि खाली माझी पूर्ण सही केली, ऑफिसात करायची तशी, तारखेसकट. एकतीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. नोंद धडधडीत खोटी होती.

महिनाअखेरीस लोरेन ते पान मोजणार होती. गावातली माणसं ती धरत नाही, आणि न आलेलीही धरत नाही. त्या पानावर मोजण्यासारखी पाहुणी एकच होती, आणि ती बुधवारी जाणार होती.